आईच्या लुगड्याची नदी

प्रिय बा,

तुला जाऊन सहा महिने होत आले. इतके दिवस हातात पेन घेतलं नाही, आणि आज घेतलं ते भांडायला. तू मास्तर. तोंडी भांडण तू कधी मनावर घेतलं नाहीस. "लिहून आण, मंग पाहू," म्हणून वर्गातल्या पोरांना वाटेला लावायचास. घे, लिहून आणलं!

झालं असं. परवा सकाळी पुंडलिक काका आले, तुझ्या गटाचे. पाणी प्यायले, तुझ्या फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "शेवंता, मास्तरची पेटी दे पोरी. बुद्ध पौर्णिमेले आमी मास्तरच्या आठवणीत रोमचं नाटक करून राह्यलो."

दुपारी बळीराम आला. तो तुझ्या जावयाच्या, माझ्या नवऱ्याच्या गटाचा. "वहिनी, नाटकाची पेटी काढून ठेवजा. पौर्णिमेले नाटक हाय आमचं. मास्तरसाठी."

एकाच वस्तीत, एकाच रात्री, तुझंच नाटक दोनदा! एकमेकांच्या नाकावर टिच्चून! बा, तू असतास तर हसला असतास की कपाळाला हात लावला असतास? आणि पेटीत असं काय ठेवलंयस रे तू? तुझा तांबडा झगा, लाकडी तलवारी, पितळेची एक अंगठी आणि आईचं निळं लुगडं. तूच सांगायचास, रोममध्ये मोठा माणूस डोळे मिटायच्या आत त्याच्या झग्याची ओढाताण सुरू व्हायची. तेव्हा आम्ही हसायचो.

परगावचे पाहुणे अजून विचारतात, बोरी अरबच्या वस्तीत हे रोम आलं कुठून? मी सांगते, आमच्या बानं आणलं. छप्पन साली आपण नागपूरहून दीक्षा घेऊन आलो. घरातले देव तू अडाण नदीत सोडलेस. मग दिवाळीनंतर दंडारीचे दिवस आले आणि सगळे एकमेकांची तोंडं बघत बसले. दंडार म्हणजे देवादिकांची सोंगं, रात्रभराची नाचगाणी. देवच घरातून गेले, तर सोंगं घ्यायची कोणाची? ढोलकी नुसती खुंटीला लटकून राहिली.

"आपल्याले बिनदेवाची गोष्ट पाह्यजे," तू म्हणालास. "नुसती माणसं असलेली. माणसंच चुकते अन् माणसंच भोगते, अशी." आणि यवतमाळच्या बोर्डिंगात वाचलेल्या कुठल्याशा जुन्या पुस्तकातलं रोम तू आठवून आठवून काढलंस.

मला ती गोष्ट तू चुलीपुढे सांगितली होतीस. सीझर आणि पोम्पी, रोमचे दोन मोठे पुढारी. आधी गळ्यात गळा. दोस्ती पक्की राहावी म्हणून सीझरनं आपली लेक ज्यूलिया पोम्पीला दिली. सासरा-जावयांनी मिळून राज्य चालवलं. मग ज्यूलिया वारली आणि मधली गाठ सुटली. सीझर फौजेसकट नदी ओलांडून आला. पोम्पी पळाला, दूर परमुलखात दगा करून त्याचं शीर कापलं. त्याची अंगठी सीझरच्या हातावर ठेवली तेव्हा सीझर रडला. झालं नाटक.

"ज्यूलिया जित्ती असती त लढाई झालीच नसती," असं तू दरवेळी शेवटी म्हणायचास. किती खात्रीनं म्हणायचास, बा!

सीझर तू झालास. पोम्पीसाठी खालच्या गल्लीतला एक उंच, तोंडाळ पोरगा निवडलास. तेव्हा तो तुझा जावई नव्हता. पण दोन वर्षं तो तुझ्यासमोर छाती काढून उभा राहिला, तुझ्या आवाजाला आवाज देत गेला, आणि तुला तो इतका आवडला की तू मला त्याच्याच घरी दिलंस. लग्नात सगळ्यांसमोर म्हणालास, "नाटकात देली होती, आता खरंच देऊन टाकली!" मांडवभर हशा पिकला. मीही पदराआड हसले.

पण खरं सांग, नाटकात तरी ज्यूलिया होती कुठं? पडद्यामागून बाई रडल्याचा आवाज यायचा, तेवढीच. तो आवाज मी काढायची. पुढं ओट्यावर सगळे माझ्याबद्दल बोलायचे आणि मी आत अंधारात, तुमच्या मुकुटांसाठी कडुनिंबाच्या डहाळ्या वळत बसलेली. मी एकदा म्हटलं होतं, "बा, तिले एखादं वाक्य दे ना."

तू म्हणालास, "ते मरते ना, शेवंते. मरणाऱ्याले वाक्य कायले?"

दीक्षा घेतलेला तू! आपल्या बौद्ध मंडळात बायकांनाही मत पाहिजे म्हणून साऱ्या वस्तीशी भांडलेला तू! आणि ओट्यावर मात्र लेकीला एक वाक्य देववलं नाही तुला?

वर आईचं लुगडं! सीझरनं ओलांडायची नदी दाखवायला तू पेटीतून ते निळं लुगडं काढलंस आणि ओट्यावर अंथरलंस. आई जाऊन तेव्हा किती थोडे दिवस झाले होते. तू बोलायचास, "ही नदी लहान आहे. पण ओलांडली की मागे फिरणे नाही," आणि लुगड्यावर पाय देऊन पलीकडे जायचास. लोक टाळ्या वाजवायचे. मी दुसऱ्या दिवशी ते धुवायची आणि तुझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलायची नाही. तुला कधी कळलंच नाही काहून ते.

पहिल्या प्रयोगाची मजा आठवते का रे? अंगठी हातात घेऊन तू ओक्साबोक्शी रडायला लागलास आणि खाली बसलेली वस्तीतली ठमाआजी ओरडली, "मारूनशान आता रडून राह्यला का रे, बयताडा?" सगळी वस्ती खो खो हसली. तू तसाच मुकुट घातलेला, रडायचं थांबून तिला समजावत होतास, "आजी, त्यानं नाही मारलं ना. दुसऱ्यायनं मारलं."

"मंग याच्या भेवानं पयाला कायले तो?" ठमाआजीनं विचारलं. तू मुकुट सावरत पुन्हा रडायला लागलास.

त्या रात्री जेवताना तुमचा पहिला वाद झाला, आठवतो? आपल्याकडे जेवायला बसलेला तुझा होणारा जावई म्हणाला, "सीझर खोटं रडते. लोकायले दाखवासाठी." तू ताटावरून उठलास. "खरं रडते तो! ज्याच्याशी जलमभर भांडलं तो माणूस गेल्यावर कोणाशी भांडाव?" मला तेव्हा वाटलं, दोन वेडे, मेलेल्या परक्या माणसासाठी भाकरी थंड करतायत.

भांडण खरं त्याचं नव्हतंच. ते तुझ्या शिकवण्याचं होतं, आणि हे तुला मी जिवंतपणी सांगायला हवं होतं. नाटक तू कधी कागदावर उतरवलं नाहीस. निम्म्यांना वाचता येत नव्हतं म्हणून तू प्रत्येकाला त्याची त्याची वाक्यं तोंडी घोटून घ्यायचास. सीझरच्या बाजूच्यांना शाळेच्या ओसरीवर, पोम्पीच्या बाजूच्यांना विहिरीपाशी. ह्याचं त्याला ठाऊक नाही, त्याचं ह्याला नाही. सगळं नाटक एकट्या तुझ्या डोक्यात.

मंडळाचंही तसंच. वर्गणी कुठं लागली, विहाराची जागा कोणाकडून मिळायची, तालुक्याला कोणाला भेटायचं, सारं तुलाच माहीत. तुझ्या मनात खोट नव्हती, मला ठाऊक आहे. तुला वाटायचं, मी आहे ना, पोरांनी कशाला डोकं शिणवायचं. पण तुझा जावई आता पोरगा राहिला नव्हता. "सासरा चांगला हाय," तो मला म्हणायचा, "पण आमाले आमचंच वाक्य देते फक्त. साऱ्या नाटकात काय हाय ते आमी कवा शिकाव?"

हे तुझ्यापर्यंत पोचवू का, असं मी विचारलं. तर नाही म्हणाला. आणि तू तरी ऐकलं असतंस का?

तिकडे वर पक्षाच्या मोठ्या पुढाऱ्यांत फूट पडली, नागपूर-मुंबईची भांडणं छोट्या आगगाडीनं दारव्ह्यापर्यंत आणि तिथून बैलगाडीनं बोरीपर्यंत आली. तू एका गटाकडे, तुझा जावई दुसऱ्याकडे. मंडळाचा अध्यक्ष कोण, हे ठरवायला सारे निंबाखाली जमले. आपल्याकडे ठरवायची रीत जुनीच, ज्याला मत द्यायचं त्याच्या बाजूला जाऊन बसायचं. शाळेच्या अंगाला तू बसलास, विहिरीच्या अंगाला तो. एकेक जण उठून बसत गेला. भावाभावांत फाटलं, सासवा-सुना दोन बाजूंना गेल्या. शेवटी दोन्ही बाजू सारख्या भरल्या आणि मध्ये उभी राहिले मी.

तू म्हणालास, "माही पोरगी हाय. इकडंच येईल."

तो म्हणाला, "माही बायको हाय. जाते कुठी?"

ठमाआजी बसल्या जागेवरून ओरडली, "अरे, पोरीले इचारा तरी!"

बा, मी वाट बघत होते रे! मला सांगायचं होतं. यंदा म्हाताऱ्यानं अध्यक्ष म्हणून बसावं आणि सारं काम ह्याला शिकवावं, पुढल्या वर्षी ह्यानं बसावं आणि म्हाताऱ्याला विचारून चालावं, एवढं साधं माझ्या डोक्यात होतं. सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलंही असतं कदाचित. पण तुम्ही दोघं एकमेकांकडे असे बघत होतात, जसे नाटकात बघायचात. माझ्याकडे कोणी मान वळवली नाही. मी कळशी उचलली आणि पाण्याला गेले. मी परत येईपर्यंत मंडळाची दोन मंडळं झाली होती.

तू म्हणायचास ना, ज्यूलिया असती तर लढाई झाली नसती? मी होते की! धडधाकट, तुमच्या दोघांच्या मधोमध उभी होते. तरी झाली.

त्यानंतर बुद्ध पौर्णिमा दोनदा व्हायला लागली, सकाळी तुमची, संध्याकाळी त्यांची. विहाराच्या भिंती गुडघ्याएवढ्या येऊन थांबल्या. अजून तेवढ्याच आहेत. दुपारी त्यांच्या सावलीला बकऱ्या बसतात. आणि नाटक बंदच पडलं. सीझरची माणसं एका मंडळात, पोम्पीची दुसऱ्यात, करणार कोण?

तुझ्याकडे यायला मला कोणी अडवलं नाही. तुझा जावई म्हणायचा, "जाय, पण आल्यावर मले काही सांगू नको." मी यायची, भाकरी थापून द्यायची. तू चष्मा पुसत विचारायचास, "कसा हाय पोम्पी?" त्याचं नाव कधी घेतलं नाहीस. मी म्हणायची, बरे आहेत. तू म्हणायचास, "म्या विचारलं म्हणून सांगू नको त्याले." घरी आले की तो बैलाला पाणी दाखवता दाखवता पाठमोराच विचारायचा, "म्हाताऱ्याचा खोकला कसा हाय?" मी सांगायची. "म्या विचारलं म्हणून बोलू नको," तो म्हणायचा.

मी तुमची टपालपेटी झाले होते, आणि पत्र टाकायची कोणाची तयारी नव्हती. दोघांनीही मला शपथ घातली आणि मी ती पाळत बसले. कशाला पाळली? एकदा जरी मोडली असती! तुला एवढं तरी कळलं असतं की तो रोज विचारायचा, बा. रोज.

कापूस वेचणीच्या दिवसांत तू गेलास. तुझा जावई दारव्ह्याच्या बाजारात कापसाची गाडी घेऊन गेला होता. निरोप पोचला तेव्हा गाडी तशीच सोडून आला. तुझ्या अंगणात तुझी सगळी माणसं बसली होती. ह्याला बघून कोणी सरकलं नाही, कोणी बस म्हटलं नाही. तो दारात उभा. मग पुंडलिक काका उठले. नाटकात सीझरच्या हातावर पोम्पीची अंगठी ठेवायचं काम त्यांच्याकडेच होतं ना? त्यांनी तुझ्या उशाचा चष्मा उचलला आणि न बोलता ह्याच्या हातात दिला.

तो रडला, बा. तुझ्यासारखा ओक्साबोक्शी नाही. चष्मा छातीशी धरून, भिंतीकडे तोंड करून. मी ठमाआजीकडे बघितलं. म्हटलं, आता ही सगळ्यांदेखत ओरडणार. पण ती काठी टेकत उठली आणि ह्याच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिली.

त्या भाकरी थंड केलेल्या वादाचा निकाल लागला. तू जिंकलास. सीझर खरं रडला असणार. पण अशा जिंकण्याचं मी काय करू? तुला सांगायला तू नाहीस, आणि त्याला सांगायची गरज उरली नाही.

आता परवाचं पुढं ऐक. पेटी मी दोघांनाही दिली नाही. पुंडलिक काकांना म्हटलं, "काका, पोम्पीचं कोण म्हणणार?" ते म्हणाले, "मास्तरनं मले सीझरच्या बाजूचंच शिकवलं पोरी. पोम्पीचं मले काय मालूम?" बळीरामला विचारलं, "सीझर काय बोलते, येते का तुमच्यात कोणाले?" त्यानं डोकं खाजवलं. तुझ्या नाटकाचं निम्मं अंग ह्यांच्या तोंडात आणि निम्मं त्यांच्या! तू त्यांना तोडून तोडून शिकवलंस ते मला कधी आवडलं नाही. पण परवा त्याचाच उपयोग झाला. मी म्हटलं, पेटी निंबाखाली उघडेल, दोघं आलात तरच.

काल संध्याकाळी आले. आधी आपापल्या अंगालाच बसले, शाळेकडे हे, विहिरीकडे ते. मी पेटी मध्ये ठेवली आणि म्हटलं, म्हणा. चाचरत चाचरत सुरू झाले. ह्यांचं एक वाक्य, त्यांचं एक. कोणी अडलं की समोरचाच आठवण करून देऊ लागला. ऐकू यावं म्हणून माणसं सरकत सरकत जवळ आली. पण सीझरची पाळी आली आणि सगळे थांबले. तुझी वाक्यं तुझ्याबरोबर गेलेली. आता?

"ही नदी लहान आहे," कोणीतरी हळू म्हणालं. "पण ओलांडली की मागे फिरणे नाही."

तुझा जावई! बा, इतकी वर्षं तो तुझ्यासमोर पोम्पी होऊन उभा होता ना, तुझा शब्द न् शब्द त्यानं उचलला होता. तू शिकवला नव्हतास, तरी. सारं नाटक त्याला येत होतं आणि तुला कधी कळलं नाही! तुमचं बोलणं असतं तर एखाद्या दिवशी तो सहज म्हणून गेला असता, तू दचकला असतास, मग आनंदानं साऱ्या वस्तीला सांगत सुटला असतास. हे मला फार लागतं.

पुंडलिक काकांनी उठून तुझा झगा त्याच्या खांद्यावर टाकला. तो म्हणत गेला, म्हणत गेला आणि अंगठीपाशी आला. "मला त्याचं शीर नको होतं," म्हणाला. "मला तो समोर बसायला..." पुढं त्याला येईना. येत होतं, पण येईना. ठमाआजी म्हणाली, "राहू दे बाप्पा आता. पौर्णिमेले म्हण."

मंडळं अजून दोनच आहेत. विहाराच्या भिंती तेवढ्याच आहेत. एका संध्याकाळीत काय होतं? पण उठताना कोण कोणत्या अंगाला बसलं होतं ते ओळखू येत नव्हतं.

सगळे गेल्यावर ह्यानं पेटी आवरायला घेतली. निळं लुगडं हातात घेऊन म्हणाला, "हे धुवून ठेव. नदीले लागन."

मी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "हे आता खाली नाही अंथरायचं," मी म्हटलं. "हे मी नेसणार हाय. नदीच्या जागी मी उभी राहीन."

"तू?" तो बघतच राहिला. "ज्यूलिया त मेली ना तवा?"

"मेली. तरी उभी राहीन."

"मंग म्या नदी ओलांडाव कशी?"

"मले विचारून," मी म्हटलं.

त्यानं झगा उचलला. मग झग्याची घडी घालता घालता म्हणाला, "अन् तू नाही म्हटलं त?"

बा, ह्याचं उत्तर म्हणजेच ते वाक्य. तू द्यायचं राहून गेलेलं. पौर्णिमेला ओट्यावर आईचं लुगडं नेसून मी ते म्हणणार आहे, पडद्यामागून नाही, सगळ्यांसमोर, दोन्ही मंडळांच्या माणसांसमोर. काय म्हणेन ते आत्ता तुला सांगत नाही. तिथं मला कोणीतरी आधी विचारू दे. पण एवढा शब्द देते, की विचारल्यावर कळशी उचलून जाणार नाही.

तुझी,
शेवंता